३२४ की ३१७? पोर्शे ९५९, फेरारी एफ-४० आणि एका आकड्याची उलटतपासणी

#थ्रेड

मोटारींच्या इतिहासातले काही आकडे सनावळीसारखे पाठ केले जातात. ‘ताशी ३२४ किलोमीटर’ हा त्यांपैकी एक. १९८७ साली फेरारी कंपनीने आपल्या एफ-४० या गाडीचा कमाल वेग म्हणून तो जाहीर केला. त्याच वर्षी ग्राहकांच्या हाती पडू लागलेल्या पोर्शे ९५९ चा वेग होता सुमारे ३१७. फरक अवघा सात किलोमीटरचा. पण ‘त्या काळची सर्वांत वेगवान गाडी कोणती’ हा वाद गेली जवळजवळ चाळीस वर्षे याच सात किलोमीटरांवर पोसला गेला आहे.

बखरीत ‘लाख फौज’ असे वाचले की इतिहासाचा अभ्यासक प्रथम विचारतो: हे कोणी मोजले? केव्हा मोजले? कोणाला सांगण्यासाठी मोजले? आश्चर्य असे, की तोच अभ्यासक मोटारीच्या माहितीपत्रकातला आकडा मात्र डोळे मिटून स्वीकारतो. या दोन गाड्यांच्या बाबतीत तरी तसे करणे परवडणारे नाही. रस्त्यावर त्यांनी प्रत्यक्षात काय केले, हे कागदावरच्या तक्त्याहून बरेच निराळे आणि बरेच रंजक आहे.

थ्रेड दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

गोष्टीचा आरंभ होतो तो एका नियमापासून. १९८२ साली ‘फिसा’ या मोटारशर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियामक संस्थेने ‘ग्रुप बी’ नावाचा नवा वर्ग निर्माण केला. अट साधी होती. बारा महिन्यांत एकाच प्रकारच्या २०० गाड्या बांधा आणि शर्यतीत उतरा. त्याआधी अशा स्पर्धांसाठी याहून कितीतरी अधिक गाड्या बांधाव्या लागत. दोनशे गाड्या म्हणजे कोणत्याही कंपनीला झेपणारे प्रकरण. त्यामुळे अभियंत्यांच्या कल्पनाशक्तीवरचा लगाम एकाएकी सैल झाला.

या नियमातले एक कलम मात्र ध्यानात ठेवावे; पुढे त्याचे काम पडणार आहे. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या जोरावर फिरणारा पंखा. तो सिलिंडरांमध्ये जादा हवा कोंबतो आणि लहान इंजिनाकडून मोठ्या इंजिनाचे काम करून घेतो. ही सवलत फुकट मिळू नये म्हणून नियमकर्त्यांनी टर्बो इंजिनाच्या आकारमानाला १.४ ने गुणायचे ठरवले. गुणाकार ४,००० घनसेंटिमीटरच्या आत राहिला तर गाडी एका वर्गात, बाहेर गेला तर वरच्या, अधिक वजनाची सक्ती असलेल्या वर्गात.

आता फेरारीने १९८४ च्या जिनिव्हा प्रदर्शनात मांडलेली २८८ जीटीओ पाहा. तिचे इंजिन २,८५५ घनसेंटिमीटरचे. १.४ ने गुणले की ३,९९७. पोर्शे ९५९ चे इंजिन २,८४९ घनसेंटिमीटरचे. गुणाकार ३,९८९. एक इंजिन इटलीतले आठ सिलिंडरांचे, दुसरे जर्मनीतले सहा सिलिंडरांचे. दोघांच्या बांधणीत काहीही साम्य नाही, आणि तरी दोन्ही आकडे चार हजारांच्या उंबरठ्यावर येऊन थबकलेले. पुढे एकमेकींच्या हाडवैरी ठरलेल्या दोन घराण्यांची कुंडली एकाच कलमाने लिहिली होती, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

पोर्शेची तयारी त्याआधीच सुरू झाली होती. सप्टेंबर १९८३ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ‘ग्रुप बी’ याच नावाने कंपनीने एक नमुना ठेवला. त्यामागे मुख्य डोके होते कंपनीचे तंत्रप्रमुख हेल्मुट बॉट यांचे. त्यांना केवळ शर्यत जिंकायची नव्हती. मागच्या बाजूला इंजिन असलेली ‘९११’ ही पोर्शेची जुनी, लोकप्रिय गाडी. तिच्यात आणखी किती जीव उरला आहे, हे त्यांना तपासायचे होते. त्यासाठी चारही चाकांना ताकद पुरवणारी यंत्रणा, टप्प्याटप्प्याने कामाला लागणारे दोन टर्बो, वेगानुसार आपोआप खाली बसणारी गाडी अशा सगळ्या कल्पना एकाच सांगाड्यात घालायचे ठरले.

या कल्पनांची परीक्षा झाली ती सहारा वाळवंटात. १९८४ ची पॅरिस-डाकार रॅली पोर्शेने चारचाकी ताकदीच्या सुधारित ९११ गाडीवर जिंकली. १९८५ साली उतरवलेल्या तिन्ही गाड्या मात्र वाटेतच बाद झाल्या. १९८६ मध्ये ९५९ पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर आली. रने मेत्झ आणि दोमिनिक लमॉयन विजेते, तर जॅकी इक्स आणि क्लोद ब्रासर यांची जोडी त्यांच्या मागे. त्याच वर्षी लमाँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ९५९ वर आधारलेली ‘९६१’ ही गाडी एकूण क्रमवारीत सातवी आली. वाळूत हजारो किलोमीटर आणि डांबरावर एक अखंड दिवस, अशा दोन्ही कसोट्यांना एकाच कुळातली यंत्रणा उतरली. नियम ज्यासाठी केला गेला त्या शर्यतींत मात्र तिला आपले नशीब अजमावताच आले नाही.

कारण १९८६ च्या वसंतात ग्रुप बी रक्तबंबाळ झाला. मार्चमध्ये पोर्तुगालच्या रॅलीत एक गाडी रस्त्यालगत दाटलेल्या गर्दीत घुसली. तीन प्रेक्षक मेले, तीसहून अधिक जखमी झाले. २ मे रोजी कॉर्सिका बेटावरच्या रॅलीत हेन्री तोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सेर्जो क्रेस्तो यांची लान्सिया एका वळणावरून दरीत कोसळली आणि पेटली. दोघेही वाचले नाहीत. तोइव्होनेन अवघा एकोणतीस वर्षांचा होता. अरुंद घाटरस्ते, दुतर्फा उभे प्रेक्षक आणि पाचशे अश्वशक्तीच्या आसपासची हलकी वाहने यांचा मेळ बसणार नाही, हे कित्येकांना आधीच दिसत होते; थांबवले कोणी नाही. कॉर्सिकानंतर मात्र ‘फिसा’ने तातडीने निर्णय घेतला. १९८७ पासून ग्रुप बी बंद.

दोन्ही कंपन्यांच्या हाती आता शर्यत नसलेल्या शर्यतीच्या गाड्या उरल्या. दोघींनी त्यांचे काय केले, यातच पुढच्या स्पर्धेचे मूळ आहे.

पोर्शेने ९५९ पूर्ण केली. रस्त्यावरची अंतिम आवृत्ती १९८५ मध्ये दाखवून झाली होती आणि ग्राहकांची नोंदणीही. किंमत ठरली ४ लाख २० हजार जर्मन मार्क. एकेक गाडी बांधायला पोर्शेला याहून कितीतरी अधिक खर्च आला, हे मोटार-इतिहासकारांत सर्वमान्य आहे. प्रत्येक विक्रीवर नुकसान सोसून कंपनीने तीनशेच्या आसपास गाड्या बांधल्या. व्यापारी शहाणपणाच्या दृष्टीने हा आतबट्ट्याचा व्यवहारच. पण बॉट यांच्या लेखी ती विकण्याची वस्तू कमी आणि प्रयोगशाळा अधिक होती.

फेरारीचा मार्ग वेगळा. २८८ जीटीओच्या २७२ गाड्या विकून झाल्या होत्या. तिची ‘एव्होलुझिओने’ ही शर्यतीसाठीची अधिक उग्र आवृत्ती मोजक्याच संख्येने बनली आणि निरुपयोगी झाली. निकोला मातेराझ्झी या अभियंत्याच्या हाताखाली तिच्यातूनच रस्त्यावरची नवी गाडी घडवण्याचे काम सुरू झाले आणि साधारण वर्षभरात पूर्णही झाले. २१ जुलै १९८७ रोजी मारानेल्लो गावात पत्रकारांसमोर गाडीवरचे आच्छादन दूर झाले. कंपनीच्या नावाची पहिली मोटार १९४७ साली बाहेर पडली होती. त्या चाळीस वर्षांवरून नाव पडले एफ-४०. एन्झो फेरारी तेव्हा ८९ वर्षांचे होते. त्यांच्या हयातीत, त्यांच्या संमतीने बाहेर पडलेली ही शेवटची नवी गाडी. पुढच्या वर्षी १४ ऑगस्टला ते वारले.

एफ-४० च्या इंजिनाचे आकारमान २,९३६ घनसेंटिमीटर. १.४ ने गुणून पाहा: ४,११० येतात. चार हजारांचा उंबरठा ओलांडला! २८८ जीटीओपेक्षा वाढवलेल्या या ८१ घनसेंटिमीटरांत एक अख्खा नियम मृत झाल्याची नोंद आहे. आता पाळायला कलमच उरले नव्हते. एखाद्या नाण्यावरून राजवट बदलल्याचे कळावे, तसे हे.

दोन गाड्यांचा स्वभाव परस्परांहून किती भिन्न होता, हे समजल्याशिवाय आकड्यांना अर्थ नाही.

९५९ म्हणजे यंत्रांनी गच्च भरलेली पेटी. चारही चाकांना ताकद. आणि ती पुढे किती, मागे किती हे परिस्थिती पाहून बदलणारी संगणकनियंत्रित यंत्रणा. कोरडा रस्ता, ओला रस्ता, बर्फ आणि अडलेल्या गाडीला बाहेर काढण्यासाठीची अवस्था अशा चार खुणा चालकाला निवडता येत. चाके घसरू न देणारी एबीएस ब्रेकव्यवस्था. टायरमधला हवेचा दाब कमी झाला की इशारा देणारी योजना. चाकांचे आरेसुद्धा पोकळ. सहा गिअर; त्यांतला सर्वांत खालचा ‘जी’ या अक्षराचा, म्हणजे जर्मन भाषेतल्या खडबडीत भूमीसाठीचा. एवढे सगळे असून आत कातडी आसने, वातानुकूलन आणि शांतता. वजन सुमारे १,४५० किलो, अश्वशक्ती ४५०.

एफ-४० मध्ये यांपैकी जवळजवळ काहीही नव्हते. ताकद फक्त मागच्या दोन चाकांना. एबीएस नाही. सुकाणू हलके करणारी यंत्रणा नाही. ब्रेकला साहाय्य नाही. गालिचा नाही, रेडिओ नाही. आतून दार उघडायला मूठसुद्धा नाही, एक दोरी ओढायची. सुरुवातीच्या काही गाड्यांत खिडक्यांची तावदाने प्लॅस्टिकची आणि सरकवायची होती. कार्बन तंतू आणि केव्हलार यांच्या अंगावर रंगाचा थर इतका पातळ, की खालची वीण दिसे. वातानुकूलन तेवढे होते, कारण पाठीमागच्या इंजिनाची धग असह्य होई. अश्वशक्ती ४७८ आणि कंपनीने जाहीर केलेले वजन ११०० किलो.

या ११०० वर थोडे थांबले पाहिजे. हे ‘कोरडे वजन’ आहे. म्हणजे पेट्रोल, तेल, पाणी यांतले काहीही गाडीत नसताना केलेले. अशी गाडी अर्थातच जागची हलू शकत नाही. एफ-४० च्या टाकीत १२० लिटर पेट्रोल मावे. त्याचेच वजन नव्वद किलोंच्या घरात जाते. तेल आणि पाणी धरले की युरोपातली गाडी सुमारे १,२३५ किलोंची होई. अमेरिकेसाठीच्या गाड्या तिथल्या सुरक्षाविषयक नियमांमुळे त्याहूनही जड. कोरड्या वजनाने हिशेब केला तर दर टनामागे ४३५ अश्वशक्ती. खऱ्या वजनाने ३८७. पोर्शेचा आकडा ३१०. फेरारी पुढे आहेच, पण जाहिरातीत वाटे तेवढी नाही. इथे कोणी खोटे बोलले नव्हते. मोजताना काय वगळायचे, एवढेच कंपनीने ठरवले होते.

आता घड्याळ.

शून्यापासून ताशी १०० किलोमीटरपर्यंत पोहोचायला ९५९ ला जर्मन मासिक ‘आउटो मोटर उंड स्पोर्ट’च्या चाचणीत ३.७ सेकंद लागले. १९८७ मध्ये हा आकडा अविश्वसनीय वाटावा असा होता. फेरारीने स्वतः जाहीर केलेला आकडा ४.१ सेकंद, युरोपातल्या स्वतंत्र मोजणीत तो ४.६ पर्यंत गेला. म्हणजे कमी ताकदीची, दोनशेहून अधिक किलोंनी जड असलेली पोर्शे जवळजवळ एक सेकंद पुढे. कारण कोणाही शेतकऱ्याला सांगता येईल. चिखलात रुतलेल्या बैलगाडीला बैलाच्या ताकदीइतकीच त्याच्या खुराखालच्या पकडीची गरज असते. एफ-४० ची मागची टायरे ३३५ मिलिमीटर रुंद होती; तरी सुरुवातीच्या क्षणी टर्बोची ताकद एकदम आली, की ती जागीच फिरत. पोर्शे चार पायांनी उडी घेई.

आणि तरीही ताशी २०० किलोमीटरच्या खुणेपाशी चित्र उलटे. तिथे एफ-४० साधारण बारा सेकंदांत पोहोचे. ९५९ ला त्याहून अधिक वेळ लागे. एकदा चाकांनी पकड घेतली, की पुढे प्रश्न ताकद आणि वजनाचा; तिथे फेरारीचे पारडे जड. दोन गाड्या शेजारी उभ्या करून सोडल्या तर आधी पोर्शे पुढे जाईल, मग कुठेतरी फेरारी तिला गाठेल आणि मागे टाकेल. ‘जास्त वेगवान कोणती’ या प्रश्नाचे उत्तर घड्याळ कुठे थांबवले यावर अवलंबून राहते, आणि दोन्ही बाजूंचे चाहते आपापल्या सोयीच्या ठिकाणी ते थांबवत आले आहेत.

यात आणखी एक मेख आहे. अमेरिकी मासिके ताशी ६० मैलांपर्यंतचा वेळ मोजतात, म्हणजे ९६.६ किलोमीटर, शंभर नव्हे. शिवाय त्यांतल्या काहींत गाडी पहिला फूटभर पुढे सरकल्यावर मोजणी सुरू करण्याची प्रथा आहे. त्यामुळे एफ-४० चे अमेरिकी आकडे ३.८ ते ४.२ सेकंदांच्या दरम्यान दिसतात. महाजालावर फिरणाऱ्या तक्त्यांत हे आकडे युरोपीय आकड्यांशेजारी बिनदिक्कत मांडलेले असतात. शिवशक आणि इसवी सन एकाच स्तंभात लिहून वजाबाकी करावी, तसला हा प्रकार.

चाचणीसाठी गाडी कोण देतो, हाही प्रश्न आहेच. बहुतेक वेळा कंपनी. ३.७ सेकंदांसाठी इंजिन उंच फेऱ्यांवर नेऊन क्लच झटक्यात सोडावा लागे. चारही चाकांना ताकद असल्याने घसरून सुटका नाही, सारा भार क्लचवर. स्वतःच्या पैशांनी ९५९ घेतलेला मालक असे आयुष्यात किती वेळा करील?

साध्या रस्त्यावरचे वर्तन आकड्यांत मावत नाही, पण त्याबद्दलची तत्कालीन मते बऱ्यापैकी एकमुखी आहेत. ९५९ मध्ये एक टर्बो कमी फेऱ्यांवरच कामाला लागे आणि दुसरा सुमारे ४,३०० फेऱ्यांच्या पुढे त्याला येऊन मिळे, त्यामुळे ताकदीचा चढ सौम्य असे. एफ-४० चे दोन्ही टर्बो एकदम जागे होत. आधी काहीच नाही आणि मग एकाएकी सगळे. पावसात हा फरक जिवावर बेतू शकणारा. ओल्या घाटात ९५९ चा सामान्य चालकही निर्धास्त जाऊ शके; एफ-४० मध्ये उजव्या पायाला सतत हिशेब द्यावा लागे. उलट, कोरड्या शर्यतमार्गावर कसलेल्या चालकाच्या हाती फेरारी जो प्रतिसाद देई, तो पोर्शेत यंत्रांच्या थरांआड गेलेला वाटे. एकीने चालकाच्या चुका पोटात घातल्या, दुसरीने त्या तत्काळ चव्हाट्यावर आणल्या. ‘प्रत्यक्ष रस्ता’ म्हणजे पाऊस, खड्डे, कंटाळलेला चालक आणि समोरून येणारा ट्रक असा अर्थ घेतला, तर पारडे निःसंशय ९५९ कडे झुकते. एफ-४० चे भक्त हे मान्य करत नाहीत. त्यांतल्या बहुतेकांनी ती पावसात चालवलेली नसते.

राहता राहिला ३२४ चा आकडा.

एवढा वेग मोजायचा कुठे? युरोपात त्यासाठी दोनच जागा सोयीच्या होत्या. एक जर्मनीतील एरा-लेसियन. फोक्सवॅगनचा तिथला सरळ पट्टा जवळजवळ पावणेनऊ किलोमीटर लांब. दुसरी दक्षिण इटलीतील नार्दो. साडेबारा किलोमीटरहून अधिक परिघाचे एक प्रचंड वर्तुळ. वर्तुळाचा रस्ता आत झुकलेला असल्याने सर्वांत बाहेरच्या मार्गिकेत ताशी २४० किलोमीटरपर्यंत सुकाणू वळवावे लागत नाही. त्यापुढे मात्र वळवावे लागते, आणि वळलेली टायरे रस्त्याशी घासून काही किलोमीटर वेग खातात. नार्दोचा ३२१ आणि एरा-लेसियनचा ३२१ हे एकच आकडे नव्हेत.

नार्दोच्या वर्तुळावर एफ-४० ने नोंदवला तो वेग ताशी ३२१ किलोमीटर. म्हणजे जाहीर केलेल्या आकड्याहून तीन कमी. अमेरिकी चाचण्यांत तो १९६-१९७ मैलांवर, म्हणजे ३१५ ते ३१७ किलोमीटरच्या पट्ट्यात राहिला; पण ती गाडी जड होती, हे आधी आलेच आहे. ‘ताशी २०० मैल ओलांडणारी पहिली उत्पादित गाडी’ ही एफ-४० ची कीर्ती २०१ मैलांच्या जाहीर आकड्यावर उभी आहे आणि प्रत्यक्ष मोजणी दोनशेच्या अगदी काठावर घुटमळते. ३२१ किलोमीटर म्हणजे १९९.५ मैल! इतक्या थोड्या फरकाने इतकी मोठी आख्यायिका उभी राहिल्याचे दुसरे उदाहरण मोटारींच्या इतिहासात क्वचितच सापडेल. ९५९ च्या बाबतीत उलट घडले. १९८७ मध्ये ‘रोड अँड ट्रॅक’ मासिकाने एरा-लेसियनला घेतलेल्या चाचणीत तिने कंपनीच्या आकड्याएवढाच किंवा तसूभर अधिक, १९८ मैलांचा वेग गाठला. जर्मन माहितीपत्रक स्टॉपवॉचसमोर टिकले.

गंमत अशी की त्या चाचणीत ९५९ पहिली आलीच नाही. बव्हेरियातील फाफेनहाऊझेन या खेड्यात आलोइस रूफ यांचे छोटे मोटारघर होते. त्यांनी ९११ च्या सांगाड्यावर बांधलेली पिवळी ‘सीटीआर’ त्या दिवशी २११ मैल, म्हणजे ताशी जवळजवळ ३४० किलोमीटर धावली. चारचाकी यंत्रणा नाही, कार्बन तंतूंचे कवच नाही, चाळीस वर्षांच्या कीर्तीचे वलय नाही. दोन मल्लांच्या कुस्तीत तिसऱ्याच गावच्या पैलवानाने गदा नेली. रूफच्या गाड्या संख्येने फार थोड्या, म्हणून विक्रमांच्या याद्यांत त्यांना धरावे की नाही हा वाद पुढे चालू राहिला. पण मग ‘उत्पादित गाडी’ म्हणजे किती गाड्या? तीस? दोनशे? पाचशे? ही रेषा जिथे आखावी तिथे विजेता बदलतो, आणि ती आखणाऱ्याला आपला विजेता बहुधा आधीच ठाऊक असतो.

शर्यतीच्या मैदानातही दोघींची गाठ कधी खऱ्या अर्थाने पडली नाही. ९५९ चे पराक्रम १९८६ चे. एफ-४० चा जन्म त्यानंतरचा. फेरारीने ती शर्यतीसाठी काढलीच नव्हती; तरी मिकेलोत्तो या कार्यशाळेने तिची शर्यतीतली आवृत्ती तयार केली आणि १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातील लगुना सेका इथे जाँ आलेझीने तिला पहिल्याच प्रयत्नात तिसऱ्या क्रमांकावर आणले.

यानंतरचा अध्याय थोडा विषण्ण करणारा आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी दुर्मीळ मोटारींच्या बाजारात सट्टेबाजीची लाट आली. एफ-४० च्या मूळ बेतात सुमारे चारशेच गाड्या होत्या. मागणी पाहून १९९२ पर्यंत तेराशेहून अधिक बांधल्या गेल्या, आणि तरी भाव चढतच राहिले. फॉर्म्युला वन चालक नायजेल मॅन्सेल याने आपली एफ-४० दहा लाख पौंडांना विकल्याची बातमी त्या काळी गाजली. थोड्याच वर्षांत फुगा फुटला. पण गाडी म्हणजे चालवण्याची नव्हे तर राखून ठेवण्याची वस्तू, ही समजूत तोवर पक्की झाली होती. एफ-४० ची रबरी इंधनटाकी साधारण दर दहा वर्षांनी बदलावी लागते, गाडी धावो वा न धावो. कित्येक गाड्यांचा सर्वांत मोठा प्रवास गॅरेजपासून लिलावगृहापर्यंतचा, तोही बंद ट्रकमधून.

तंत्राचा वारसा म्हणाल तर तो ९५९ कडे जातो. १९८९ च्या सुमारास विक्रीस आलेल्या ‘९११ कॅरेरा ४’ मध्ये चारही चाकांची ताकद साध्या ग्राहकापर्यंत पोहोचली. १९९५ च्या ‘९११ टर्बो’त जुळे टर्बोही आले. एबीएस आणि टायरच्या दाबाचा इशारा तर आज कुटुंबाच्या साध्या गाडीतही असतो. एफ-४० चा वारसा यंत्रात शोधू नये. इलेक्ट्रॉनिक साहाय्य नसलेली, थेट चालकाच्या अंगाशी भिडणारी गाडी म्हणून तिची आठवण काढली जाते, आणि लिलावात आज सर्वसाधारणपणे तीच अधिक किंमत मिळवते.

आणि अमेरिकेत? तिथे कोणतीही गाडी विकण्याआधी काही नग भिंतीवर आदळून दाखवावे लागतात. नुकसानीत विकत असलेल्या ९५९ चे चार नग असे फोडायला पोर्शेने नकार दिला. त्यामुळे बिल गेट्स यांनी मागवलेली ९५९ बंदरावरच अडकली आणि सुमारे तेरा वर्षे सीमाशुल्क विभागाच्या ताब्यात उभी राहिली. ऐतिहासिक किंवा तांत्रिक महत्त्व असलेल्या गाड्यांना ‘दर्शनापुरती’ सूट देणारा नियम १९९९ मध्ये लागू झाला, तेव्हा कुठे ९५९ ला अमेरिकी रस्त्यावर येण्याची वाट मिळाली. ताशी ३१७ किलोमीटर धावणाऱ्या या गाडीला त्या नियमाने घालून दिलेली मर्यादा आहे वर्षाला २,५०० मैलांची.